दाविद चौथा

दाविद चौथा : (१०७३–२४ जानेवारी ११२५). कॉकेशसमधील जॉर्जियाचा बग्रातिओनी घराण्यातील राजा. कारकीर्द १०८९–११२५. त्याचे बिरुद ‘आग्माशेनेबेली’, म्हणजे उभारणारा. बांधलेल्या इमारतींपेक्षा उजाड मुलूख पुन्हा वसवल्याबद्दल ते त्याला अधिक शोभते.

वडील दुसरा गिओर्गी गादीवरून उतरले तेव्हा दाविद सोळा वर्षांचा होता. सेल्जुक तुर्क दर शरद ऋतूत बायकापोरे, गुरेढोरे घेऊन कुरा नदीकाठी उतरत आणि वसंतात उंचावरच्या कुरणांकडे जात. रयत डोंगरांत दडलेली, पेरणार कोण? पहिल्या क्रुसेडमुळे (ख्रिस्ती धर्मयुद्धामुळे) तुर्कांचे लक्ष सीरियाकडे वळताच दाविदने खंडणी बंद केली. रुइस-उर्बनिसी धर्मपरिषदेत वशिल्याचे बिशप हटवले. राज्याचा मुख्य चिटणीस आणि च्कोंदिदीचा बिशप ही दोन्ही पदे त्याने एकाच विश्वासू माणसाकडे दिली.

सरदारांच्या मर्जीवर चालणारे सैन्य त्याला नको होते. म्हणून १११८ च्या सुमारास त्याने दर्याल खिंडीच्या वाटेने भटक्या किपचाक लोकांची सुमारे ४०,००० कुटुंबे उत्तरेकडून आणून वसवली. घरटी एक लढवय्या, शस्त्रे व घोडा राजाकडून. त्यांचा म्होरक्या अत्राक हा दाविदचा सासराच होता. तरी हे लोक सहज वठणीवर राहिले नाहीत. राजावर घातपाताचे प्रयत्नही झाले.

१२ ऑगस्ट ११२१ रोजी तिबिलिसीच्या पश्चिमेस दिदगोरी येथे तुर्क सरदार इल्गाझीच्या मोठ्या फौजेशी गाठ पडली. दोनच वर्षांपूर्वी याच इल्गाझीने अँटिओकच्या फ्रँकांचा (क्रुसेडसाठी आलेल्या पश्चिम युरोपीयांचा) धुव्वा उडवला होता. अरब इतिहासकार इब्न अल-अथीर सांगतो, की २०० किपचाक शरण आल्यासारखे पुढे गेले आणि शत्रूच्या गोटात शिरताच बाण सोडू लागले. त्या गोंधळात इल्गाझीची फळी फुटली.

पुढच्या वर्षी तिबिलिसी पडले. सुमारे चारशे वर्षे ते मुसलमानी अंमलाखाली होते. आधी शहराला दहशत बसली. पण नंतर दाविदने मुसलमान वस्तीत डुक्कर मारण्यास बंदी घातली. तो शुक्रवारी मशिदीत जाऊन कुराणपठण ऐकत असे, हेही मुसलमान लेखकांनीच नोंदवले आहे. कुताइसीची राजधानी इथे आली.

मोहिमेवर त्याच्यासोबत ग्रंथांनी लादलेली खेचरे व उंट असत. ‘पश्चात्तापाची स्तोत्रे’ त्याच्या नावावर आहेत. ११०६ मध्ये कुताइसीजवळ त्याने स्थापलेल्या गेलाती मठाच्या दक्षिण दरवाजातच त्याच्या थडग्याची शिळा आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा पाय तिच्यावर पडावा, ही त्याचीच इच्छा मानतात. हल्ली मात्र लोक तिला वळसा घालून आत जातात.