बाहेर उघडणारं दार

सिनेमागृहात किंवा मॉलमध्ये बाहेर पडायच्या दारावर कमरेच्या उंचीला एक आडवी दांडी असते. अंगाचा भार पडला की कडी सुटते आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं. मूठ फिरवायला नको, किल्ली शोधायला नको. या दांडीमागे १८३ मुलांचे मृत्यू आहेत.

१६ जून १८८३. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी करमणुकीचा कार्यक्रम होता. शेवटी मंचावरून खेळणी वाटायला सुरुवात झाली आणि वरच्या गॅलरीतली मुलं आपल्यालाही मिळावीत म्हणून जिन्याने धावत सुटली. जिन्याच्या तळाचं दार आत उघडणारं होतं. शिवाय एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते बोल्टने अडवलेलं. पुढची मुलं तिथे अडकली, मागच्यांना खाली काय झालंय ते दिसत नव्हतं. बोल्ट मुलांच्या बाजूला होता, त्यामुळे पलीकडच्या मोठ्या माणसांना दार पुरतं उघडता आलं नाही. ती फटीतून एकेका मुलाला ओढत राहिली. गेलेल्या मुलांची वयं ३ ते १४. आग लागलीच नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जीव घेतला तो दाराने.

त्यानंतर सार्वजनिक जागेची दारं बाहेर उघडणारी हवीत, हा नियम ब्रिटनमध्ये रुजला. १८९२ मध्ये रॉबर्ट ब्रिग्ज यांनी ढकलताच सुटणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं.

तरी ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आगीत सहाशेवर माणसं गेली. नाट्यगृह जेमतेम पाच आठवड्यांचं, जाहिरात ‘अग्निरोधक’ अशी. पण कित्येक दारं पडद्याआड आणि त्यांच्या कड्या लोकांना उघडता येत नव्हत्या. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात आगीत १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. १९१३ मध्ये अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संघटनेने जीवरक्षणासाठी वेगळी समिती नेमली आणि जिने, दारं, कवायती यांचे नियम आखायला घेतले.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली. तीही दार बाहेर उघडणारं हवं, असंच सांगते. पण १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात खाली ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर बाल्कनीत चढला आणि ५९ जण गेले, मुख्यतः गुदमरून. बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट खासगी बॉक्स बांधून बंद केलेली, येण्याजाण्याच्या जागेत जादा खुर्च्या.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा. त्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तरी २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरल्या पबला आग लागून १४ जण दगावले; त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात सापडले. वाट सापडली नाही की माणूस असा जवळच्या बंद खोलीत शिरतो.

आमच्या सोसायटीत पंप, होज, सिलिंडर सगळं तपासलं जातं. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर चपलांचं कपाट आहे, तिसऱ्यावर सायकल. गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली खाली वॉचमनच्या खणात.