वय सोळा, ट्रॅक सव्वा मैल

नॉर्थ कॅरोलिनात हिकरीला मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर शनिवारी संध्याकाळी गेलात, तर पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, एक दृश्य हमखास दिसेल. चौदा वर्षांचं पोर 'लेट मॉडेल' नावाच्या शर्यतीच्या गाडीच्या खिडकीतून बाहेर येतं, अग्निरोधक सूट कमरेपर्यंत उतरवून बाह्यांची पोटाशी गाठ मारतं, उजव्या पुढच्या टायरची कड नखानं खरवडून बघतं आणि क्रू चीफशी चाळिशीतल्या माणसासारखं बोलतं. घरी जायची वेळ झाली की मात्र आईच्या गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसतं. कारण त्या राज्यात शिकाऊ परवानासुद्धा पंधराव्या वर्षी मिळतो.

हिकरीच्या ०.३६३ मैलांच्या ट्रॅकवर या पोराला कुणी अडवत नाही. तासाभरावरच्या शार्लटला, दीड मैलाच्या ट्रॅकवर नॅसकार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या ट्रक मालिकेत, म्हणजे तिच्या तीन राष्ट्रीय मालिकांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर, उतरायचं तर मात्र अठरा पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षीही चालतं, पण ट्रॅक सव्वा मैलाचा किंवा त्याहून आखूड हवा, नाहीतर रोड कोर्स, म्हणजे रस्त्यासारखी डावी-उजवी वळणं असलेला ट्रॅक हवा. तरुण ड्रायव्हरांच्या मुलाखतींत "अठराव्या वाढदिवसाची वाट बघतोय" हे वाक्य सतत येतं, ते यामुळे. हे आकडे सुरक्षेतून आले असा सर्वसाधारण समज आहे. तो फार तर अर्धा खरा आहे. बाकीचा अर्धा भाग सिगारेटचा.

सुरुवातीच्या काळात भांडणं गाडीवरून व्हायची, वयावरून नाही. १९ जून १९४९ ला शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर 'स्ट्रिक्टली स्टॉक', म्हणजे दुकानात मिळतात तशाच गाड्यांची पहिली शर्यत झाली. पहिल्या आलेल्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा नियमाबाहेरच्या निघाल्या. ती गाडी एरवी चोरटी दारू वाहायची. ती बाद झाली आणि तीन फेऱ्या मागे असलेली लिंकन विजेती ठरली. फोर्डच्या मालकानं दहा हजार डॉलरचा दावा लावला आणि तो हरला. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनं स्वतःचे नियम करावेत आणि राबवावेत, हे तेव्हाच कोर्टातून पक्कं झालं. पुढच्या गोष्टीत हे लागणार आहे.

वयाचा निर्णय घरात व्हायचा. पुढे सात वेळा सर्वोच्च मालिकेचा विजेता झालेल्या एका मुलाला वडिलांनी एकवीस पूर्ण होईपर्यंत शर्यतीत उतरू दिलं नाही. तो उतरला १९५८ च्या जुलैत, वाढदिवसानंतर लगेच. उलट १९८२ मध्ये सतरा वर्षांचा, अजून शाळेत जाणारा मुलगा नॉर्थ विल्क्सबरोला थेट सर्वोच्च मालिकेत धावला. मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. १९७१ पासून एका तंबाखू कंपनीनं मुख्य मालिकेचं प्रायोजकत्व घेतलं आणि १९७२ मध्ये वेळापत्रक ४८ शर्यतींवरून ३१ वर आलं. कात्री लागली ती अडीचशे मैलांहून छोट्या शर्यतींना. हिकरी, साउथ बॉस्टन, विन्स्टन-सेलमचं पाव मैलाचं बोमन ग्रे ही सगळी नावं त्या यादीतून गेली ती तेव्हा. शॉर्ट ट्रॅक, म्हणजे असे आखूड ट्रॅक, ही 'खालची पायरी' हे समीकरण इथून घट्ट झालं. तोवर तिथेच सगळं होतं.

नव्वदच्या दशकात मुलांच्या बाबतीत वारं फिरलं. कॅलिफोर्नियातलं एक कुटुंब मुलाला लहान वयात स्प्रिंट कार ही उघड्या चाकांची हलकी शर्यतीची गाडी चालवता यावी म्हणून इंडियानात जाऊन राहिलं, तिथे वयाची आडकाठी नव्हती. तो मुलगा १९९२ मध्ये एकविसाव्या वर्षी सर्वोच्च मालिकेत आला आणि १९९५ मध्ये विजेता झाला. मग प्रत्येक संघमालकाला तसाच एक पोर हवासा वाटू लागला. त्याच सुमारास, १९९२ मध्येच, शार्लटला लेजंड्स नावाच्या छोट्या गाड्या निघाल्या. जुन्या फोर्ड-शेव्हीच्या आकाराची पाच-अष्टमांश मापाची बॉडी आणि आत मोटरसायकलचं इंजिन. त्यांच्याहून लहानांसाठी बँडोलेरो, ज्यात आठ वर्षांचं पोर बसतं. म्हणजे शिडी तयार झाली होती आणि तिच्या वरच्या टोकाला मालक हात पुढे करून उभे होते.

अशा वेळी २००१ आलं.

लास वेगासचा एक मुलगा त्या उन्हाळ्यात सोळाव्या वर्षी ट्रक मालिकेत आला. इंडियानापोलिसच्या छोट्या ट्रॅकवर चौदावा. दुसरी शर्यत शिकागोजवळ, तिथे बारा फेऱ्या राहिल्या असताना पेट्रोल संपलं, नाहीतर जिंकलाच असता. मग नोव्हेंबरात हंगामाची शेवटची शर्यत, कॅलिफोर्नियातल्या फॉन्टानाच्या दोन मैलाच्या ट्रॅकवर. सरावात सगळ्यात वेगवान फेरी याची. आणि सराव संपल्यावर त्याला सांगण्यात आलं, सामान बांध.

काढलं कुणी, हे नीट बघायला हवं, कारण इथेच बहुतेक लोक घोटाळा करतात. स्टॉक कारच्या संस्थेनं नाही काढलं. त्या वीकेंडची मुख्य शर्यत उघड्या चाकांच्या गाड्यांची होती, भरवणारी संस्था वेगळी, आणि त्या शर्यतीच्या नावातच एका सिगारेटचा ब्रँड होता. ट्रकची शर्यत जोडीला ठेवलेली. पोराच्या ट्रकवर सिगारेटची जाहिरात नव्हती. ट्रक मालिकेचा प्रायोजक अवजारं विकायचा, पाने-पकडी. तरीही काढलं, कारण नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतली ४६ राज्यं आणि बड्या तंबाखू कंपन्या यांच्यात जो करार झाला, त्यात एक कलम होतं. ज्या कार्यक्रमात पैसे घेऊन भाग घेणारे किंवा स्पर्धक अठराच्या आतले असतील, त्याला सिगारेटच्या ब्रँडचं नाव लावता येणार नाही.

कलम वाचताना सगळं येऊन अडतं ते 'कार्यक्रम' या शब्दावर. रविवारची मोठी शर्यत हा कार्यक्रम, की शुक्रवारपासून गेटच्या आत जे जे चालतं ते सगळं मिळून एक? पहिला अर्थ घेतला तर पोराला कुणी हात लावू शकत नव्हतं. फॉन्टानात दुसरा अर्थ घेतला गेला. कंपनीच्या वकिलाच्या खुर्चीत बसून बघितलं तर तो शहाणपणाचाही होता, ४६ राज्यांशी वाद कोण घालणार? पण कलमाचा रोख कंपनीवर होता. मुलांना ओढ लागेल अशी जाहिरात करू नका, एवढाच त्याचा हेतू. शिक्षा झाली ती मुलाला. बंदी कंपनीच्या नावावर होती आणि तंबूतून बाहेर काढलं ट्रकला, नाव तिथेच राहिलं.

यानंतर स्टॉक कारच्या संस्थेनं जे केलं, त्यावर आजही एकमत नाही. तिच्या स्वतःच्या सर्वोच्च मालिकेवर सिगारेटचं नाव होतं आणि खालच्या दोन राष्ट्रीय मालिका कित्येकदा त्याच वीकेंडला, त्याच गेटच्या आत धावत. फॉन्टाना दर महिन्याला घडू शकलं असतं. संस्थेनं २००२ पासून तिन्ही राष्ट्रीय मालिकांना सरसकट अठराची अट लावली. संस्थेच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. तो काळ वाईट होता. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशरला सरावात एकोणीस वर्षांचा, घराण्याच्या चौथ्या पिढीतला मुलगा गेला. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला शेवटच्या फेरीत या खेळातलं सर्वांत मोठं नाव गेलं. ऑक्टोबरात डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं झालं. अशा वर्षात सोळाचं पोर दोन मैलाच्या ट्रॅकवर कशाला, असं विचारणाराही चुकत नव्हता.

पण मग सुरक्षाच कारण असेल, तर आधी कलम आलं आणि मग सुरक्षा आठवली, हा क्रम खटकतो. अट फक्त सर्वोच्च मालिकेच्या वीकेंडपुरती ठेवता आली असती. ट्रॅकच्या लांबीनुसार ठेवता आली असती, पुढे तशी ठेवलीच. माझ्या मते २००२ चा नियम म्हणजे वकिलांनी शिवलेला कोट होता आणि तो सुरक्षेच्या खुंटीवर टांगला गेला. पुरावा म्हणाल तर २००३ च्या हंगामानंतर तंबाखू कंपनी बाहेर पडली, २००४ मध्ये फोन कंपनी आली, कलम गैरलागू झालं. नियम मात्र जागच्या जागी राहिला. कोर्टात जायचा प्रश्न नव्हता, तो १९४९ च्या स्प्रिंगांबरोबरच मिटला होता.

फॉन्टानाचा मुलगा २००२ मध्ये दुसऱ्या एका संस्थेच्या शॉर्ट ट्रॅक मालिकेत गेला. त्याच्या मागून येणाऱ्यांची तिथे रांग लागली. हा या नियमाचा खरा परिणाम, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. चौदा ते अठरा या वयातली, पैसेवाल्या बापांची किंवा संघांशी करार झालेली पोरं चार-चार वर्षं शॉर्ट ट्रॅकवर तळ देऊन बसू लागली. शनिवार-रविवार धावणारे स्थानिक मेकॅनिक आणि शेतकरी त्यांच्याशी कसे पुरे पडणार? तालमीत हौशी मल्लाला रोज खुराकावरच्या पोराशी जोड लावावी, तसं झालं.

जाता जाता 'लेट मॉडेल' या शब्दाविषयी. 'लेट' म्हणजे उशिराचं नव्हे, अलीकडच्या वर्षाचं मॉडेल. पूर्वी तसं असायचंही. आता पोलादी नळ्यांची चौकट आणि वर चढवलेली कृत्रिम बॉडी असते, हेडलाइटच्या जागी स्टिकर. शिवाय कॅरोलिना-व्हर्जिनियातली 'लेट मॉडेल स्टॉक' आणि फ्लोरिडा-अलाबामातली 'सुपर लेट मॉडेल' या दोन वेगळ्या गाड्या. दुसरी जास्त हलकी आणि चपळ. मातीवरची लेट मॉडेल आणखी तिसरीच. अमुक पोरानं 'लेट मॉडेल जिंकली' अशी बातमी आली तर आधी कुठे ते विचारावं.

थांबून राहिलेल्यांपैकी एक २४ मे २००८ ला अठराचा झाला. आठवड्यानं डोव्हरला दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेत उतरला, सहावा आला, तिसऱ्या शर्यतीत केंटकीला जिंकला. मागच्या बंपरवर नवख्यांची पिवळी पट्टी होती, पण त्या पट्टीला तसा काही अर्थ नव्हता.

२०१२ च्या डिसेंबरात फ्लोरिडात पेन्साकोलाच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, १९६८ पासून चालत आलेल्या तीनशे फेऱ्यांच्या शर्यतीत, मिशिगनच्या सोळा वर्षांच्या मुलानं एका प्रस्थापिताला हरवलं. तो प्रस्थापित म्हणजे फॉन्टानातून हाकललेला मुलगा. तोवर तो स्वतः ट्रक संघाचा मालक झाला होता आणि ज्यानं हरवलं त्यालाच त्यानं पुढच्या वर्षी आपल्या ट्रकमध्ये बसवलं.

बसवता आलं, कारण २०१३ च्या हंगामाला अट शिथिल झाली होती. ट्रक मालिकेत सोळा चालतील, पण ट्रॅक १.१ मैल किंवा त्याहून आखूड, किंवा रोड कोर्स. त्या वर्षी सप्टेंबरात कॅनडात मॉस्पोर्टला एका सतरा वर्षांच्या मुलानं शेवटच्या वळणावर पुढच्याला धडक देऊन शर्यत मारली. तो त्या मालिकेतला तोवरचा सर्वांत लहान विजेता. नोव्हेंबरात मिशिगनच्या मुलानं फिनिक्सला एक मैलाच्या ट्रॅकवर तो विक्रम मोडला. महिन्याभरात दोघे पेन्साकोलाला समोरासमोर. मॉस्पोर्टवाला पहिला आला, तपासणीत त्याच्या गाडीत टंगस्टनचा तुकडा सापडला आणि तो बाद झाला. शिशाहून जड असलेला हा धातू वजन हवं तिथे, थोड्या जागेत कोंबायला सोयीचा, म्हणून तिथे त्याला मनाई. विजय पुन्हा मिशिगनला गेला.

१.१ हा आकडा मात्र बघण्यासारखा आहे. शॉर्ट ट्रॅक म्हणजे एक मैलाच्या आतला, अशी सगळ्यांची व्याख्या. मग वरचा ०.१ कशाला? डोव्हर बरोबर एक मैल, फिनिक्स एक मैल आणि न्यू हॅम्पशर १.०५८. तिन्ही या मर्यादेत नेमके बसतात. डोव्हरची वळणं चोवीस अंशांनी उभी, तिथला वेग शॉर्ट ट्रॅकचा नाही. दुसरीकडे मॉस्पोर्ट जवळपास अडीच मैलांचं आहे, पण रोड कोर्स म्हणून चालतं. न्यू हॅम्पशरला, जिथे २००० मध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा गेला, तिथेच सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा वर्षांच्या मुलानं ट्रक शर्यत जिंकून सर्वांत लहान विजेत्याचा मान मिळवला. पुढे मर्यादा सव्वा मैल झाली आणि सेंट लुईसजवळचा सव्वा मैलाचा ट्रॅकही आत आला. २०२५ पासून दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेतही छोट्या ट्रॅकवर सतराला परवानगी आहे.

ट्रॅकच्या कडेची, धडकेची ऊर्जा शोषणारी भिंत २००२ मध्ये इंडियानापोलिसला पहिल्यांदा बसली आणि मोठ्या ट्रॅकवर पसरली. जिथे चौदाची पोरं धावतात, त्या छोट्या ट्रॅकवर अजून बहुतेक ठिकाणी उघडं काँक्रीटच आहे.

तिथे वयाचा प्रश्न पिटच्या प्रवेशाच्या खिडकीवर सुटतो. अठराच्या आतल्यांसाठी वेगळा कागद असतो, खाली पालकांच्या सहीची जागा. दुखापत झाली, जीव गेला तरी जबाबदारी आमची नाही, अशा अर्थाचा मजकूर. आई गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करते, खिडकीतली बाई दोन कागदी पट्टे देते, एक आईच्या मनगटाला, एक पोराच्या.