टेराकोटा फरशीची रंगसंगती : नागपूरच्या घरांत

टेराकोटा फरशी म्हणजे भाजलेल्या मातीची, झिलई न केलेली तांबूस फरशी. ‘टेराकोटा’ हा मूळ इटालियन शब्द. अर्थ ‘भाजलेली माती’. अशी फरशी असलेल्या घरात भिंती, दारे, पडदे, लाकूडसामान, भांडी आणि दिवे यांचे रंग तिला धरून कसे निवडावेत, याचा विचार या नोंदीत केला आहे. नागपुरात ही फरशी व्हरांड्यात, गच्चीवर, अंगणात दिसते आणि अलीकडे पुन्हा बैठकीच्या खोलीतही येऊ लागली आहे.

मुळात एक गोष्ट पक्की धरावी : खोलीचा पहिला रंग फरशीचा. भिंत चार वर्षांनी रंगवली जाते, पडदे दिवाळीला बदलतात. फरशी मात्र कुणी उखडत नाही. तरीही बहुतेक घरांत शेड कार्ड भिंतीला लावून पाहिले जाते आणि फरशीकडे कुणी बघतही नाही. नमुना खाली ठेवून, फरशीला टेकवून पाहावा. निम्म्या चुका तिथेच टळतात.

फरशीचा स्वतःचा रंग

लाली येते ती मातीतल्या लोहामुळे. भट्टीत हवा खेळती असेल तर लोहाचे लाल ऑक्साइड बनते. हवा कोंडली तर तीच माती काळपट, राखी निघते. मातीत चुन्याचा अंश जास्त असेल तर फरशी फिकट पिवळसर होते. आच साधारण ९०० ते १,०५० अंश सेल्सिअस. ती भट्टीत सगळीकडे सारखी लागत नाही. म्हणून हाताने थापलेल्या फरश्यांच्या एकाच ढिगात अबोली, विटकरी, शेंदरीकडे झुकणारी आणि कडा करपलेली अशी सगळी भावंडे सापडतात. हा दोष मानू नये. वेगवेगळ्या ढिगांतल्या फरश्या मिसळून बसवल्या की जमीन जिवंत दिसते, आणि पुढे रंग जुळवतानाही मोकळीक मिळते, कारण फरशीत आधीच पाचसहा छटा असतात.

गुजरातमधल्या मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइलवर टेराकोटाची हुबेहूब छपाई मिळते. ती पाणी पीत नाही, वर्षानुवर्षे रंग बदलत नाही. पण तीच छटा आणि तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा दिसतो, आणि चकचकीत प्रकार असेल तर छतावरच्या ट्यूबचे प्रतिबिंब पडते. अशा फरशीवर रंगांची निवड जरा जास्त काटेकोर करावी लागते.

खऱ्या टेराकोटाचा कोरडा रंग हा शेवटचा रंग नव्हे. ती सच्छिद्र असते. तेल किंवा सीलर पाजल्यावर गडद होते. किती गडद होईल ते बघण्याची सोपी रीत आहे : ओल्या फडक्याने एक फरशी पुसावी. ओली असताना जो रंग दिसतो, जवळपास तोच तेल पाजल्यावर कायमचा राहतो. विदर्भात जवस पूर्वापार पिकतो, आणि उकळलेले जवसाचे तेल व वर मेण ही या फरशीची जुनी निगा आहे. तेल दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर उरलेले पुसून. या तेलाने फरशी नुसती काळवंडत नाही, तिच्यात मधासारखी पिवळी झाकही उतरते, आणि काळाबरोबर ती वाढते. तेव्हा भिंतीचा रंग तेल पाजून झाल्यावर ठरवावा. एक सावधगिरी अत्यावश्यक : जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. नागपूरच्या मे महिन्यात तर हा धोका अजिबात अंगावर घेऊ नये. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा मोकळ्यावर सुटी पसरून वाळवावीत.

सांध्यांचा रंग बहुतेकजण मिस्त्रीवर सोडतात, ही मोठी चूक. हाताने केलेल्या फरशीच्या कडा सरळ नसल्यामुळे सांधे रुंद, जवळपास बोटभर ठेवावे लागतात. म्हणजे सांधा हा जमिनीचा दुसरा रंग झाला. पांढरा सांधा जाळीसारखा डोळ्यांवर येतो आणि सहा महिन्यांत मळतो. रेतीच्या रंगाचा, थोडा करडा सांधा सर्वांत शांत दिसतो.

नागपूरचा उजेड

नागपूर २१ उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्ही किंचित उत्तरेला असतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एका खिडकीत कूलर आणि त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून गाळून येणारा मंद उजेड, अशी घरे दिवसभर असतात. त्या उजेडात विटकरी रंग तपकिरी होतो. पावसाळ्यात ढगांचा निळसर करडा उजेड येतो आणि फरशी थंड, जांभळट वाटते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो. त्याची तिरीप दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत आतपर्यंत येते आणि फरशी अक्षरशः पेटते. रंग हिवाळ्यातल्या त्या एका सुंदर सकाळी पाहून ठरवला, की मेमध्ये खोली गुहेसारखी होते. निदान एकदा खिडक्या लावून, पडदे ओढून नमुना बघावा.

तिन्हीसांजेला, दिवा लावण्याआधी, आणखी एक गोष्ट घडते. उजेड फार कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल रंग लवकर काळवंडलेला दिसतो आणि निळे-हिरवे उजळ वाटतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हे नोंदवले. लाल जमीन विझत जाते आणि फिकट निळी भिंत जणू तरंगत राहते. ज्यांची बैठक संध्याकाळीच भरते, त्यांनी भिंतीसाठी अगदी गडद रंग टाळावा, तो याचसाठी.

भिंती

पांढरा रंग सगळ्यात सोपा समजला जातो, पण या फरशीवर तोच सगळ्यात फसवा. एक कोरा कागद खिडकीजवळ फरशीवर उभा धरून पाहावा. कागदाचा खालचा वीतभर भाग गुलाबी झालेला दिसतो, वरचा तेवढा नाही. फरशीवरून उसळलेला तांबूस उजेड भिंतीवर असाच चढतो. दुकानात ‘ब्रिलियंट व्हाइट’ म्हणून मिळणाऱ्या निळसर पांढऱ्यावर तो वर निळसर, खाली गुलाबी अशी कुचंबणा करतो. सायीचा, मोतिया, हस्तिदंती किंवा ताकासारखा पांढरा हा उजेड पचवतो. चुन्याची सफेदी तर उत्तमच : तिचा पृष्ठभाग खडबडीत, न चमकणारा असतो, आणि तिच्यात मुळातच थोडी ऊब असते. जुन्या पद्धतीत चुन्यात नीळ घालून सफेदी ‘उजळ’ करत. शहाबादी फरशीच्या घरात ते शोभते. टेराकोटावर नीळ घालायचीच तर नाममात्र, नाहीतर मुळीच नाही.

रंगचक्रात टेराकोटाच्या बरोबर समोर निळा-हिरवा येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली मांडलेल्या नियमानुसार समोरासमोरचे दोन रंग शेजारी ठेवले की दोन्ही अधिक तीव्र भासतात. मोरपंखी दारापाशी विटकरी फरशी जास्त लाल दिसते आणि फरशीपाशी दार जास्त हिरवे. चुन्यात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालून भिंतीला जो फिका हिरवट निळा रंग देत, तो देणाऱ्याला हा शास्त्रार्थ माहीत नव्हता, तरी लाल मातीच्या ओट्यामागे तो किती शोभतो हे पाहणाऱ्याला माहीत होते. मात्र प्रमाण सांभाळावे. एक दार, एक कोनाडा, देवघराची मागची भिंत, खिडकीची चौकट एवढे पुरे. चारही भिंती मोरपंखी केल्या की फरशी आणि भिंत एकमेकांवर ओरडत बसतात आणि माणसांना बोलायला जागा राहत नाही.

संपूर्ण भिंतीसाठी हिरव्याची मळलेली रूपे घ्यावीत : शेवाळी, राखेत मिसळलेला कडुनिंबाच्या पानाचा, वाळलेल्या मेंदीचा. माझ्या मते नागपूरच्या उन्हाळ्यासाठी हे रंग फिक्या निळ्यापेक्षाही बरे. बाहेर बाग करपलेली असते, तेव्हा घरात तरी डोळ्यांना हिरवे मिळते. आणि भिंतीवर बसणारी धूळ या रंगांत खपून जाते. करडा रंगही बसतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेपासून केलेल्या विटांची, गिलावा न केलेली एखादी भिंत लाल जमिनीसमोर फार देखणी दिसते. राखेचा करडा थंड, मातीचा लाल गरम; दोघांचाही पोत खरखरीत.

पिवळ्याची गोष्ट वेगळी. पिवडी आणि रामरज हे मातीतलेच रंग, टेराकोटाचे चुलतभाऊ. चुन्यात चिमूटभर पिवडी टाकून आलेला फिका पिवळा पश्चिमेच्या खोलीत दुपारी जड होतो, पण उत्तरेच्या काळोख्या खोलीला तो ऊब देतो. सारवलेल्या घरांत गेरूचा पट्टा, वर चुन्याचा पांढरा अशी जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. टेराकोटा फरशीच्या खोलीत जमिनीलगत वीतभर गेरूचा पट्टा ओढला, तर उसळलेल्या लालीची आणि पुसताना उडणाऱ्या शिंतोड्यांचीही काळजी मिटते.

टाळायचे ते फरशीचे जवळचे नातलग : अबोली, गाजरी, गुलाबी, नारिंगी भिंती. रंग जुळवण्याच्या नादात माणूस फरशीसारखाच रंग शोधतो आणि तो कधीच नेमका सापडत नाही. एक लाल दुसऱ्याला मळका ठरवतो. ब्लाउजपीस साडीला ‘जवळपास’ जुळले की जसे खटकते तसे. एक तर नेमका तोच रंग, नाहीतर स्पष्ट अंतर.

कापड, लाकूड, धातू

रंगांची नावे हवी असतील तर साड्यांच्या दुकानातली घ्यावीत. शेड कार्डावरच्या नावांपेक्षा ती कितीतरी नेमकी आहेत. या फरशीशी चिंतामणी, अंजिरी, वांगी, शेवाळी हे रंग पडद्यांत आणि उशांच्या अभ्र्यांत छान खुलतात. डाळिंबी आणि कुंकवी थोडेच घ्यावेत, सतरंजीच्या काठाइतके.

सर्वांत नेमके कापड मात्र नागपूरच्या पूर्वेलाच आहे. भंडारा जिल्ह्यात विणला जाणारा कोसा, म्हणजे टसर रेशीम, न रंगवलेला, मधाळ-भुरकट. त्याचा रंग फरशी आणि चुन्याची भिंत यांच्या अगदी मधोमध बसतो. पातळ कोशाच्या पडद्यातून आलेला मेमधला उजेड डोळ्यांना बोचत नाही, आणि हा पडदा पांढऱ्याइतका लवकर मळतही नाही. त्याच भंडाऱ्याची पितळेची भांडीही प्रसिद्ध आहेत. लाल जमिनीवर पितळी समई किंवा हंडा ठेवला की पितळेच्या बुडाशी फरशीचे तांबूस प्रतिबिंब पडते आणि दोन्ही रंग एकमेकांत उतरतात. स्टील आणि क्रोम तिथे परके वाटतात.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान ही विदर्भाच्या घरांची शान, पण टेराकोटावर ते अडचणीचे ठरू शकते. पॉलिश केलेला साग आणि तेल पाजलेली फरशी यांचा गडदपणा सारखाच; खुर्चीचे पाय जमिनीत विरघळतात. मध्ये निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी टाकावी, किंवा साग पॉलिश न करता नुसते मेण लावून फिका ठेवावा. बांबूचे सामान आपल्या पिवळसर फिकेपणामुळे आपोआपच उठून दिसते.

दिवे

इतके सगळे जमवून शेवटी छताला ६,५०० केल्विनची (हा आकडा जितका जास्त, तितका उजेड निळसर) पांढरी ट्यूब लावली की फरशी मेलेल्या तपकिरी रंगाची होते, कारण त्या निळसर प्रकाशात लाल किरण कमी असतात. २,७०० ते ३,००० केल्विनचे पिवळसर दिवे घ्यावेत. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा अधिक लिहिलेले असेल तर लाल रंग सहसा खऱ्याच्या जवळ दिसतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर पांढरा उजेड हवा असेल तर ४,००० केल्विनवर थांबावे.

गच्ची

गच्चीवरच्या फरशीचे दोन रंग असतात. दिवसभर तापलेल्या गच्चीवर संध्याकाळी पाणी मारले की फरशी चर्र आवाज करत पाणी पिते, क्षणात डाळिंबी होते, मातीचा वास सुटतो. तासाभरात कडांपासून वाळत ती पुन्हा फिकट होते. इथे तेल किंवा सीलर लावू नये, कारण हा गारवा तिच्या पाणी पिण्यातूनच येतो. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले तर वाळल्यावर पांढरी भुकटी फुलते. ती कोरड्या ब्रशने झाडावी, ॲसिड मारू नये, सांधे झिजतात. क्षारांची ही पांढरी झाक थोडीबहुत राहतेच, म्हणून कठड्याला चुन्याचाच पांढरा द्यावा, म्हणजे ती खटकत नाही. कुंड्या मातीच्या न घेता करड्या सिमेंटच्या किंवा गडद निळ्या घ्याव्यात. त्या कोरड्या फरशीवरही उठून दिसतात आणि ओल्या फरशीवरही.