जुनी ५० ची लेन्स ‘७५ ची’ होते का?

सेकंडहँड लेन्स घ्यायची म्हटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "फिल्मच्या जमान्यातली ५० एमएम क्रॉप सेन्सरवर ७५ होते, डिजिटलसाठी बनवलेल्या लेन्सला मात्र हा गुणाकार नसतो."

गैरसमज होणं साहजिक आहे कारण अर्धी गोष्ट खरी आहे. फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ मिमी, एपीएस-सी म्हणजेच क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ (सुमारे दीडपट लहान, म्हणून ५० चे ७५), म्हणजे लेन्स तेच चित्र पाडते पण आपण त्यातला मधलाच तुकडा घेतो, म्हणून फोटो जवळून काढल्यासारखा वाटतो. फोकल लेंग्थ (लेन्सवरचा ५० एमएमसारखा आकडा) काचेची असते, ती कॅमेऱ्याची बॉडी बदलली म्हणून बदलत नाही. आणि किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सवर) छापलेले १८-५५ हे आकडेही खरी फोकल लेंग्थच आहेत, गुणाकार करून छापलेले नाहीत, म्हणजे क्रॉपचा हिशोब जुन्या-नव्या दोन्ही लेन्सना सारखाच लागतो.

घरीच बघा. ट्रायपॉडवर किट लेन्स ५० ला ठेवून समोरच्या लांबच्या बिल्डिंगचा फोटो काढा, मग ॲडॉप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी रिंग) लावून जुनी ५० चढवा (मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ ऑन करायला विसरू नका, नाहीतर काही कॅमेरे क्लिकच करत नाहीत आणि आपण लेन्सला शिव्या घालत बसतो). दोन्ही फोटोंत खिडक्या मोजा, जवळपास तेवढ्याच भरतील. फक्त ॲडॉप्टर साधा पोकळ हवा, आत काच असलेला असेल तर हिशोब बदलू शकतो.

हे नुसतं पुस्तकी नाहीये, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असेल तर जुन्या लेन्सची फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते, तिथे हेलिओस ४४-२ या जुन्या ५८ एमएम लेन्ससाठी ५८ च टाकायचं, दीडपट करून ८७ नाही, नाहीतर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सावरायला जातो आणि फोटो उलट हलतो.