लांब पल्ल्यासाठी मोटरसायकल निवडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक गाडी घेऊन झाल्यावर येतात. पाठ धरते, हातांना मुंग्या येतात, मागे बसणाऱ्याला तासाभराच्या वर बसवत नाही, सामानाची खोकी लावल्यापासून गाडी डुलते. आम्ही सीट नव्याने बांधतो, पुढची वारा अडवणारी काच बदलतो, शॉकअपची स्प्रिंग बदलतो, सामानाचे रॅक बसवून देतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पण काही वेळा ती गाडी त्या माणसाच्या अंगाची किंवा त्याच्या ओझ्याची नसतेच, आणि तिथे आमच्या कामाला मर्यादा येते. म्हणून हे पत्रक गाडी घेण्याआधी वाचावं, अशी आमची मनापासून विनंती आहे. आम्ही गाड्या विकत नाही. त्यामुळे अमुक कंपनीचीच घ्या, असा सल्ला यात सापडणार नाही.

शोरूमबाहेरच्या दहा मिनिटांच्या चकरेत पिकअप कळतो, सायलेन्सरचा आवाज कळतो, रूप तर आधीच आवडलेलं असतं. आठव्या तासाला यातलं काहीच आठवत नाही. तेव्हा बूड, मनगटं आणि मान बोलायला लागतात, आणि नजर सारखी पेट्रोलच्या काट्याकडे जाते. निवड त्या आठव्या तासावरून करावी, असं आमचं ठाम मत आहे.

आधी ओझ्याचा हिशेब

ही गोष्ट जवळजवळ कुणीच बघत नाही, म्हणून सगळ्यात आधी सांगतो. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात: टाकी भरलेल्या गाडीचं वजन आणि माणसं-सामानासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. दोन्हींची वजाबाकी केली की ती गाडी किती ओझं वाहू शकते ते कळतं.

समजा गाडी २०० किलोची आहे आणि कमाल वजन ३८० किलो दिलंय. म्हणजे हातात १८० किलो आहेत. आता मोजा. चालवणारा ८० किलो, त्याचं हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून ८. मागे बसणारी व्यक्ती ६५, तिचे कपडे-हेल्मेट ६. झाले १५९. अ‍ॅल्युमिनियमची तीन खोकी आणि त्यांचा सांगाडा रिकामाच १५ किलोच्या घरात जातो. १७४. कपडे, हत्यारं, पाणी, तंबू या सगळ्यासाठी उरले फक्त ६ किलो.

मर्यादा ओलांडली म्हणून गाडी लगेच मोडत नाही, आणि तिथेच फसायला होतं. मागचा शॉकअप दबलेलाच राहतो, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट वर बघू लागतो, वेगात हँडल थरथरतं, ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो, मागचा टायर तापतो. दोघांनी जायचं असेल तर एंजिनाच्या ताकदीआधी हा वजाबाकीचा आकडा बघा. आणि खोकी धातूची हवीतच का, याचाही विचार करा. कापडी बॅगांमध्ये बरंच वजन वाचतं, शिवाय गाडी पडली तर पाय खोक्याखाली सापडण्याची भीती कमी होते.

शॉकअपची तपासणी घरीच होते. गाडी स्टँडवरून उचलून मागचं चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि चाकाच्या आसापासून सरळ वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग सामान लादून, दोघांनी बसून, कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगून तेच अंतर परत मोजा. जेवढी गाडी खाली बसली, ते मागच्या सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावं. हालचाल १८० मिलिमीटर असेल तर ६० च्या आसपास. स्प्रिंगचा ताण पूर्ण वाढवूनही गाडी ९० मिलिमीटर बसत असेल, तर स्प्रिंग त्या ओझ्यासाठी मऊ आहे. ती बदलता येते. पुस्तिकेतली कमाल मर्यादा मात्र कोणतीही स्प्रिंग वाढवून देत नाही.

बसणं

सीट मऊ म्हणजे चांगली, हा समज लांबच्या प्रवासात टिकत नाही. मऊ फोम दोन तासांत दबून जातो आणि बसण्याची दोन्ही हाडं थेट खालच्या पत्र्यावर टेकतात. हाताला जरा टणक लागणारी, मागे रुंद आणि सपाट सीट दिवसभर साथ देते. सीट पुढे उतरती असेल तर ब्रेक लागेल तसे आपण टाकीकडे घसरत जातो आणि सगळा भार मनगटांवर येतो. चकर मारताना हे मुद्दाम बघा.

सीट, हँडल आणि फुटरेस्ट हा त्रिकोण त्याहून महत्त्वाचा. गुडघे काटकोनाहून जास्त दुमडत असतील तर उंच माणसाचे गुडघे दुपारपर्यंत धरतात. पाठ सरळ, कोपरं किंचित वाकलेली, खांदे सैल, अशी बैठक बहुतेकांना मानवते. फार सरळ बैठकीत मात्र खड्ड्याचा प्रत्येक हादरा सरळ मणक्यात जातो, म्हणून छाती थोडी पुढे कललेली बरी. पाय लांब पुढे टाकून बसायच्या क्रूझर गाड्या पहिल्या तासाला आरामाच्या वाटतात, पण त्यांत पायांवर उभं राहून खड्डा सोसता येत नाही आणि वारा छातीवर घेऊन हातांनी स्वतःला धरून ठेवावं लागतं. ज्यांना सावकाश, छोट्या टप्प्यांत जायचंय त्यांच्यासाठी त्या छान आहेत.

हँडल उंच किंवा जवळ करून देता येतं. त्यासाठी केबल आणि ब्रेकचे पाइप पुरायला हवेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय हे काम पुरं झालं, असं समजू नका.

वारा

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलात की छातीवरचा दाब सव्वादोन पट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ साडेतीन पट. दिवसाचा सगळ्यात मोठा थकवा इथून येतो. होंडाची पहिली गोल्ड विंग १९७५ च्या सुमारास बाजारात आली, ती ९९९ सीसीची, चार सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी, शाफ्टवर (चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणारी) चालणारी. पण वारा अडवणारं कवच तिला नव्हतं. लोकांनी बाहेरून कवचं आणि खोकी आणून बसवली आणि १९८० मध्ये कंपनीने स्वतःच कवच आणि खोक्यांसकट मॉडेल काढलं. बीएमडब्ल्यूने मात्र १९७६ च्या आर १०० आरएसवर पूर्ण कवच कारखान्यातूनच दिलं होतं.

मोठी काच म्हणजे जास्त आराम, असं दरवेळी होत नाही. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा भोवऱ्यासारखा गरगरत हेल्मेटवर आदळू लागला की डोकं हलतं, नजर थरथरते आणि आवाज असह्य होतो. हे ओळखायची रीत सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर नेहमीच्या वेगाने जाताना सीटवरून चार बोटं वर उठा. आवाज एकदम स्वच्छ, एकसुरी झाला तर भोवरा तुमच्या हेल्मेटच्या पातळीवर आहे. अशा वेळी उंच काचेपेक्षा आखूड काच जास्त उपयोगी पडते: छातीवरचा दाब अडतो आणि डोकं स्वच्छ वाऱ्यात राहतं. काचेखाली थोडी फट ठेवल्यानेही फरक पडतो. आणि कुठल्याही गाडीवर कानात बोळे घालाच. ताशी १०० च्या पुढे हेल्मेटच्या आतला आवाज दिवसभर सोसला तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. आम्ही हे प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

सीसी आणि एंजिन

सपाट रस्त्यावर, एकट्याने, ताशी १०० चा वेग टिकवायला साधारण १० ते १५ अश्वशक्ती पुरतात. वरची ताकद लागते ती चढाला, ओव्हरटेक करायला, समोरच्या वाऱ्याला आणि ओझ्याला. बीएमडब्ल्यूची १९८० ची आर ८० जी/एस जेमतेम ८०० सीसी आणि ५० अश्वशक्तीची होती. १९८१ ची पॅरिस–डाकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत तिने जिंकली आणि साहसी प्रवासाच्या गाड्यांचा आजचा सगळा वर्ग तिच्यापासून सुरू झाला असं मानलं जातं. एकट्याने, मोकळ्या मनाने, दिवसाला तीनशे किलोमीटर जाणाऱ्याला ३०० ते ५०० सीसीची गाडी उणी पडत नाही. दोघं, खोकी आणि तासन्‌तास रुंद महामार्ग असेल तर ६५० च्या पुढे बघा.

आकड्यापेक्षा एक प्रश्न विचारा: तुमच्या नेहमीच्या वेगाला, शेवटच्या गिअरमध्ये, एंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर फिरतं? लाल रेषेच्या, म्हणजे एंजिनाला चालणाऱ्या कमाल फेऱ्यांच्या, निम्म्याच्या आसपास असेल तर गाडी निवांत आहे. सतत तीन चतुर्थांशावर असेल तर ती दिवसभर ओरडतच राहणार, आणि तिचा कंप तुमच्या हातांत येणार. त्या वेगाला आरशात बघा. मागची गाडी ओळखू येण्याइतकी स्पष्ट दिसते का? आरसा थरथरत असेल तर हँडल आणि फुटरेस्टही थरथरतायत.

एकच सिलिंडर असलेलं एंजिन हलकं, साधं, दुरुस्तीला सोपं. कंप थोडा जास्त. दोन सिलिंडरचं जास्त गुळगुळीत आणि आमच्या मते बहुतेक प्रवाशांसाठी सर्वांत समतोल. चारचं सगळ्यांत मऊ, पण जड आणि रुंद.

टाकी

टाकीचा आकार एकटा काही सांगत नाही. १५ लिटरची टाकी आणि लिटरला ३० किलोमीटर म्हणजे कागदावर ४५०. त्यातून वेग, ओझं, समोरचा वारा यांचा पाचवा हिस्सा वजा करा, शेवटचे दोन लिटर हिशेबात धरू नका. हातात तीनशेच्या वर थोडे राहतात. तेवढे आमच्या मते पुरे आहेत, कारण अंग त्याआधीच थांबायला सांगतं. निर्जन भागातून जाणार असाल तरच मोठी टाकी शोधा; पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या जवळपास असतं आणि ते उंचावर बसतं. गाडीला जास्त ऑक्टेनचंच पेट्रोल लागतं का, हेही पुस्तिकेत बघून ठेवा. दूरच्या भागात ते मिळेलच असं नाही.

चाकं, टायर, चेन

ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता, बाहेरून प्लग घालून पंधरा मिनिटांत निघतं. खिळा काढायचा, कानशीने भोक खरवडायचं, गोंद लावलेली चिकट वात सुईत ओवून आत ढकलायची, सुई झटक्यात ओढून घ्यायची, उरलेली वात कापायची, हवा भरायची. ट्यूब असेल तर चाक उतरवून टायर रिममधून सोडवावा लागतो. स्पोकची चाकं खडकाळ रस्त्यावर मार जास्त सोसतात, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. स्पोक रिमच्या कडेला अडकवून ट्यूबलेस टायर बसवण्याची सोय बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएसवर दिली. अशी चाकं आज इतर काही गाड्यांवरही मिळतात, महाग असतात. डांबरावरूनच जायचं असेल तर मिश्रधातूची चाकं घ्या आणि निश्चिंत राहा.

पुढचं चाक १७ इंचांचं असेल तर वळणावर चपळ, २१ चं असेल तर दगडधोंड्यांत सोयीचं. १९ दोन्हीकडे चालतं.

चेन चांगली आहे, हलकी आहे, कुठेही दुरुस्त होते. फक्त दर पाचशे-सहाशे किलोमीटरला तेल हवं, पावसात रोज. त्यासाठी मधला स्टँड असलेली गाडी मिळाली तर फार सोपं जातं, कारण मागचं चाक हाताने फिरवता येतं. शाफ्टला ही कटकट नाही, पण वजन आणि किंमत वाढते, आणि बिघडला तर रस्त्याकडेला काही करता येत नाही.

वीज आणि ब्रेक

गरम होणाऱ्या ग्रिपना ३० ते ४० वॅट लागतात, गरम जॅकेटला त्याच्या दुप्पट, वर जादा दिवे आणि फोनचं चार्जिंग. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरकडे (वीज तयार करणाऱ्या भागाकडे) एवढी शिल्लक नसते. थंडीत फिरणार असाल तर किती वॅट शिल्लक राहतात, हे विचारून घ्या.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, घ्याच. त्यात तडजोड नको.

उचलून बघा

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत, असं नाही. एक पाय भक्कम टेकला आणि गाडी आटोक्यात वाटली की पुरे. पण पडलेली गाडी एकट्याला उचलता यायला हवी. आधी बॅगा काढा, इग्निशन बंद करा, गिअर टाका. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेका, एक हात हँडलच्या ग्रिपवर, दुसरा मागच्या दांडीवर, आणि पाठ न वाकवता पायांनी ढकलत छोटी छोटी पावलं मागे टाका. ज्या वजनाला हे जमत नाही, त्या वजनाची गाडी घेऊन एकट्याने आडवाटेला जाऊ नका.

आमच्याकडे येताना

गाडी ठरायच्या आधी आलात तर उत्तम. त्या गाडीच्या पुस्तिकेतल्या वजनांच्या पानाचा फोटो आणा. सोबत जाणारी व्यक्ती असेल तर तिलाही आणा. मागच्या सीटबद्दल तिचंच मत ग्राह्य. प्रवासात घालणार तेच बूट घालून या, कारण तळव्याच्या जाडीने पाय टेकण्यात आणि गिअरच्या उंचीत फरक पडतो. गाडी घेतली असेल तर नेहमीचं सामान लादूनच आणा. स्प्रिंग, सीट आणि काच या तिन्हींचं माप आम्ही त्या ओझ्यावरच घेतो, आणि काचेचं काम ताशी ८० ते १०० च्या वेगाने एक चकर मारल्याशिवाय पक्कं करत नाही.