जलपर्णीपासून इंधनवायू : आंतरराष्ट्रीय पेटंटसाठी अर्ज कसा करावा?

पाणवनस्पतींचे वायूकरण करून इंधनवायू काढण्याची नवी रीत तुम्ही बसवली असेल, तर पेटंट सहकार्य कराराखाली (पीसीटी) एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागण्याची वाट खुली राहते. पेटंट देणे-नाकारणे मात्र शेवटी त्या त्या देशाच्या कार्यालयाच्या हाती असते.

अर्जासाठी अर्जदारांपैकी किमान एक जण सदस्य देशाचा नागरिक किंवा रहिवासी हवा. संस्था आणि कंपन्यांनाही अर्ज करता येतो. पेटंट मिळायचे तर रीत नवी, जाणकाराला सहज न सुचणारी आणि उद्योगात वापरता येण्याजोगी असावी लागते. ‘जलपर्णीपासून वायू’ एवढ्यावर दावा (संरक्षण नेमके कशाला हवे ते सांगणारा मजकूर) टिकणार नाही, ते आधीपासून माहीत आहे. तुमच्या रीतीत वेगळे काय, ते दाव्यात नेमके यायला हवे. आणि एक कळकळीची विनंती : अर्जाआधी शोधनिबंध, व्हिडिओ किंवा जाहीर प्रात्यक्षिक करू नका. बऱ्याच देशांत तेवढ्याने नावीन्य संपते.

कागदपत्रांत विनंतीचा नमुना, वर्णन, दावे, लागतील तर आकृत्या आणि सारांश येतो. खरी मेहनत घ्यावी ती वर्णनावर. ताज्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि नेहमीच्या गॅसिफायरला (वायूकरणाच्या भट्टीला) साधारण २० टक्क्यांच्या आतला ओलावा लागतो. मग ती वाळवता कशी, त्यासाठी उष्णता कुठून आणता, हे लिहा. न वाळवताच पाणी ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बारच्या पलीकडे नेऊन वायू काढत असाल, तर तापमान, दाब, लागणारा वेळ, उत्प्रेरक आणि क्षार साचून नळी तुंबू नये म्हणून केलेली सोय, सगळे द्या. वायूत हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड किती निघाले, तेही चाचणीच्या आकड्यांसह हवे. ‘योग्य तापमानाला’ असले मोघम शब्द टाळा. दाखल झालेल्या अर्जात मागाहून नवी माहिती घालता येत नाही.

आधी एखाद्या देशात अर्ज केला असेल, तर त्या तारखेचा अग्रक्रम मिळवण्यासाठी, म्हणजे नावीन्य त्या तारखेपासून मोजले जावे म्हणून, १२ महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय अर्ज करा. त्या अर्जाची प्रमाणित प्रतही लागते. पुढे शोध अहवाल येतो, म्हणजे तुमच्या रीतीसारखे आधी काय काय प्रसिद्ध झाले आहे त्याची यादी. त्याच पहिल्या तारखेपासून १८ महिने झाले की अर्ज प्रसिद्ध होतो आणि ३० महिन्यांच्या आत हव्या त्या देशांत राष्ट्रीय टप्पा, म्हणजे त्या त्या देशाच्या पेटंट कार्यालयातली प्रक्रिया, सुरू करावा लागतो. तिथे भाषांतर आणि शुल्काचा खर्च देशागणिक वाढतो, म्हणून शोध अहवाल नीट वाचूनच देश निवडा.