ऊसतोडीतील बालमजुरी : आर्थिक कारणे

महाराष्ट्राच्या साखर हंगामात ऊसतोड मजुरांची मुले आईवडिलांबरोबर फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, राबतात. हे काम कोणत्याही हजेरीपटावर येत नाही आणि त्याची वेगळी मजुरीही कुणाच्या हातात पडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे १३.८ कोटी मुले बालमजुरीत होती आणि त्यांपैकी ६१ टक्के शेतीत होती. शेतातली बालमजुरी बहुतांशी घरच्यांच्या कामात मिसळलेली असते. ती कशी मिसळते आणि कुणाच्या फायद्याची ठरते, हे ऊसतोडीत फार स्पष्ट दिसते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागातून टोळ्या निघतात. त्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या पट्ट्यात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर वाढले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात खरिपाचे एक पीक निघाले की पुढे सहा-सात महिने हाताला काम नसते.

मजुरीचे एकक आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा मध्यस्थ, प्रत्येक कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती अलीकडे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. ऊस तोडून ती फेडायची असते. मुकादमाचे कमिशनही टोळीच्या टनांवरच ठरते. त्यामुळे कोयत्यामागे किती हात लागले हे कुणी विचारत नाही. काट्यावर वजन किती भरले, एवढेच विचारले जाते.

प्रत्यक्ष हिशोब मांडून पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने रोज २ टन तोडला तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. हंगाम ११० दिवस चालला तर ८०,५२० रुपये. उचल एक लाख असेल तर १९,४८० रुपये अंगावर राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. दोन मुलांची मदत होऊन रोजचा ऊस २.४ टनांवर गेला, तर त्याच हंगामात ९६,६२४ रुपये फिटतात. फरक पडतो सुमारे सोळा हजारांचा. हे सोळा हजार मुलांचे आहेत, पण वजनाच्या स्लिपवर कोयता बापाचा असतो. खर्ची, म्हणजे किराणा-औषधासाठी मधे घेतलेली रक्कम, या हिशोबात धरलेलीच नाही. आजारपणाने दिवस मोडला की खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा, दंड बसतो. त्याचा धाक इतका असतो की ताप आलेल्या आईची जागा मुलगी घेते.

कामाची वाटणी वयानुसार ठरलेली असते. सहा-सात वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकटे भावंड सांभाळते, म्हणून आई फडात पूर्ण वेळ उभी राहू शकते. आईचा मोकळा झालेला तो वेळ टनांत मोजला जातो, पण मुलीच्या कामाची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात धड होत नाही. नऊ-दहाव्या वर्षी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणे, पेंढ्या बांधणे, पाणी आणणे सुरू होते. बारा-तेराव्या वर्षी पाचट (उसाची वाळकी पाने) काढणे, मोळ्या बांधणे आणि फळीवरून मोळी वाहून गाडी भरणे. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. पंधराव्या वर्षी मुलाच्या हातात कोयता येतो. त्याला पूर्ण कोयत्याची उचल मिळायची तर जोडी लागते. मुलींची लग्ने लवकर होण्यामागे असलेल्या कारणांपैकी हे एक आहे. सुरक्षिततेची चिंता आणि हुंड्याचा खर्च ही कारणे याच्या जोडीला असतात.

कौशिक बसू आणि फाम होआंग व्हॅन या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेले प्रारूप इथे नेमके लागू पडते. मोठ्यांची कमाई पोटापुरती असेल तर आईबाप मुलाला कामाला लावत नाहीत, हे त्याचे पहिले गृहीतक. मुलाचे श्रम मोठ्यांच्या श्रमांची जागा घेऊ शकतात, हे दुसरे. यातून एक फास तयार होतो. मुलांच्या हातांनी टन वाढतात, टन वाढले की तोच दर पुरेसा दिसतो, आणि दर तुटपुंजा राहिला की मुलांना पुन्हा फडात उतरावे लागते. आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, हा आरोप म्हणूनच अन्यायाचा आहे. शिक्षणाचा परतावा दहा-बारा वर्षांनी मिळणार आणि तोही अनिश्चित. त्यावर बँक कर्ज देत नाही. लग्न, दवाखाना, जुनी देणी यांसाठी तातडीने पैसा देणारा एकच दरवाजा उघडा असतो, आणि तो मुकादमाचा.

कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. ऊसतोड कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात होत नाही, ऊस कारखान्यासाठी तोडला जातो. तरीही ‘घरच्यांना हातभार’ या शब्दांआड ती सहज लपते. कुणालाच मालक म्हणून धरता येत नाही. शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना मुकादमाकडे, आणि मुकादम आईबापांकडे.

‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा, म्हणजे मजुरांच्या मुलांसाठी हंगामापुरत्या शाळा, चालवल्या. शिक्षणहक्क कायद्यानंतर भर गावातल्या हंगामी वसतिगृहांकडे वळला. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर टनाला १० रुपये आकारणी ठरली आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. मूल गावात राहिले की घराचे टन कमी होतात, म्हणजे वसतिगृह मोफत असले तरी आईबापांना ते फुकट पडत नाही. धाकट्या भावंडाची सोय नसेल तर थोरली मुलगी वसतिगृहात राहतच नाही. तळावर पाळणाघर चालले तरच ती सुटते. वेळही सांभाळावी लागते : टोळ्या दिवाळीच्या सुट्टीत हलतात, आणि वसतिगृहाची यादी शाळा उघडल्यावर केली तर तोवर मूल कोपीवर पोहोचलेले असते.